गुरांच्या दवाखान्यात बोका

श्रावण लागून आठवडा झाला असेल नसेल, आमच्या बोक्यानं जेवण सोडलं. दिवाळीनंतर कधीतरी तो अंधेरीच्या आमच्या घरी आपण होऊन राहायला आला होता. पिवळ्या पट्ट्यांचा, जाड मानेचा. पहिल्या दिवशी आईनं त्याला दूधभात घातला आणि तेव्हापासून हा दूधभात खाणारा बोका आहे असं घरात ठरून गेलं. आता तो वरवरचं दूध चाटायचा, भात तसाच ठेवायचा आणि कपाटाखाली जाऊन बसायचा. हाक मारली तर नुसता कान हलवायचा. मी कुणाशी फारशी बोलत नसे. बोलायचं ते सगळं याच्याशी. त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर राहिना.

"मांजराला कुणी डॉक्टरकडे नेतं का गं? लोक हसतील," आई म्हणाली.

लोक हसण्याची मला तिच्याहून जास्त भीती होती. तरी मी बोक्याला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि गुरांच्या दवाखान्यात गेले.

दवाखाना म्हणजे पत्र्याची शेड, पुढे चिखल, आणि चिखलात म्हशींना अडकवायचा लाकडी खोडा. शहरातल्या म्हशी आरे कॉलनीत हलवल्या असतील, पण आमच्याकडच्या तबेल्यांतल्या सगळ्या त्या सकाळी इथेच आल्या होत्या. मी बाकाच्या टोकाला बसले. माझी पाळी आली की एखादी म्हैस यायची आणि कंपाउंडर ओरडायचा, "मोठी जनावरं आधी!" मग मी पुन्हा बाकावर. एका टांग्याच्या घोड्यानं टोपलीत नाक खुपसलं. आतून बोका असा फिस्कारला की घोडा मागे सरला. एवढी ताकद आहे म्हणजे तो मरत नाही, असं मी मनाला सांगितलं.

शेवटी कंपाउंडर माझ्यापुढे उभा राहिला. टोपलीकडे न बघता त्यानं विचारलं, "रवंथ करतं का?"

"नाही."

"कधीपासून?"

"कधीच नाही."

"पोट फुगलंय?"

"नाही."

आमच्या कॉन्व्हेंटात विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्यायची शिस्त होती. तो आत वळून ओरडला, "रवंथ बंद!" एका म्हशीमागे गुंतलेल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "चूर्ण द्या, गुळातून."

कंपाउंडरनं माझ्या हातात उशीएवढा पुडा ठेवला. "दोन मुठी, सकाळ-संध्याकाळ. तोंड वर धरायचं आणि बांबूच्या नळीनं घशात ओतायचं. दोघांनी शिंगं धरा."

मी थँक यू म्हणून घरी आले.

वडिलांनी पुडा उघडून वास घेतला. सुंठ, हिंग, आणखी कायकाय. "हे पाजलंस तर तो थेट कुलाब्याला जाऊन थांबेल," ते म्हणाले. आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. पण बोका त्या वासानंसुद्धा कपाटाखालून बाहेर आला नाही, तेव्हा वडिलांनी पुडा पुन्हा बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली, पुन्हा बाक, पुन्हा "मोठी जनावरं आधी". आणि मग तोच कंपाउंडर, तोच प्रश्न, "रवंथ करतं का?"

"तो बोका आहे!" मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. "तो रवंथ करत नाही, त्याला शिंगं नाहीत, पण तो आजारी आहे! आणि माझा नंबर कालपासून आहे!"

शेडमधले सगळे माझ्याकडे वळले. माझे कान तापले. मग एक तबेलेवाला भैया आपली म्हैस बाजूला ओढत म्हणाला, "डागदरसाब, पहले बिटिया का शेर देख लो!"

डॉक्टरांनी हात धुतले आणि टोपली उघडली. पोट दाबून पाहिलं, जबडा उघडून पाहिला.

"ताप नाही. दात झकास. खातो काय हा?"

"दूधभात."

"आणखी?"

"काही नाही." मग आठवून म्हणाले, "आई मासळी साफ करते तेव्हा डोकी नि शेपट्या मागच्या दारी टाकते, तेवढंच."

"मग आता?"

"आता श्रावण आहे ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "श्रावण पाळतंय कोण? तुम्ही की हा?"

हसण्यानं पत्रे वाजले. सगळ्यांत जास्त मीच हसत होते.

"आज मासळी घाला," ते म्हणाले. "खाल्ली नाही तर उद्या आणा. सरळ आत या, बाकावर बसू नका."

खाल्ली नाही तर. वाटभर तेवढंच डोक्यात होतं. आणि आईला सांगायचं होतं. श्रावणात ती मासळीची विळीसुद्धा माळ्यावर टाकायची.

तिनं सगळं ऐकून घेतलं, मग वाकून कपाटाखाली बघितलं. "मेल्या, मग आधी नाही का सांगायचं?"

गल्लीत ख्रिस्ती घरं होती, त्यामुळे कोळीण श्रावणातही यायची. आईनं तिला स्वतः मागच्या दारी बोलावलं.

"काय बाय, श्रावण मोडलास?" कोळणीनं विचारलं.

"मी नाही. बोक्यानं."

खाडीतली बारकी मासळी मी केळीच्या पानावर ठेवली. आई नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वडील उगाचच मागच्या दारी येरझारा घालू लागले. किती वेळ काही झालं नाही. मग दारातून आधी मिशा आल्या, मग नाक, मग सगळा बोका. त्यानं पान हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुरगुरत पहिला मासा उचलला.

"खातोय का गं?" आईनं विचारलं.

"खातोय!"

"सगळं?"

"डोकीसुद्धा!"

"नीट लक्ष दे त्याच्याकडे," आई भिंतीला म्हणाली. "घाईनं खाऊन काटा लागेल त्याला."