भागिरथीची ढवळी

कोंडवाड्याच्या जागी आता पंचायतीचे गाळे झालेत, मोबाईलची दुकानं थाटलीत. होऊ द्यात. पण पारनेरकडच्या त्या गावातलं जुनं माणूस अजून 'कोंडवाड्यापाशी भेटू' असंच म्हणतं, आणि म्हणताना त्याला सहादू शिपाई आठवतो.

दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर धरून कोंडायचं, मालकानं दंड भरला की सोडायचं, हे सहादूचं काम. आठवडाभरात मालक आला नाही तर लिलाव. या कामापायी त्यानं अर्ध्या गावाच्या शिव्या खाल्ल्या. पण कोंडलेल्या जनावराला चारापाणी पंचायतीनं द्यायचं, हाही नियमच होता, आणि तो सहादू जिवापाड पाळायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात त्या नियमाला काय भाव आला म्हणता! रानात काडी उरली नाही, तशी माणसं आपलीच गुरं मुद्दाम दुसऱ्याच्या बांधावर सोडायला लागली. सहादूला सगळं कळायचं. कळून तो मुकाट्यानं कोंडवाड्याचं दार उघडायचा.

त्यातच भागिरथीची ढवळी आली. भागिरथी एकटी बाई, थोराड हाडाची, हसली तर वेशीपर्यंत ऐकू जाणारी. ती लांब तलावाच्या कामावर खडी फोडायला निघाली होती. गाय कुठं नेणार? जाताना सहादूला एवढंच म्हणाली, "तात्या, कसायाच्या हाती जाऊ देऊ नका."

दुष्काळात लिलावात बोली लावायला कसाईच यायचे. आता लिलाव टाळायचा कसा? सहादूनं डोकं लढवलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो ढवळीला सोडायचा, सरपंच आप्पासाहेबांच्या उघड्याबोडक्या बांधावर हाकायचा आणि तिथंच धरून परत आणायचा. नवी धरपकड, नवी मुदत! पुढं छावणी उघडली, बाकीची गुरं तिकडं गेली. पण तिथं जनावरामागं माणूस लागायचं, म्हणून ढवळी इथंच राहिली.

शेवटी आप्पासाहेबांनी त्याला बांधावरच गाठलं. "सहादू, ही गाय दर खेपेला माझ्याच रानात कशी रे?"

सहादूला वाटलं, नोकरी तर जाणारच, गायही जाणार. "गुराला काय कळतंय साहेब, बांध कुनाचा ते."

आप्पासाहेबांनी ढवळीच्या पाठीवर हात फिरवला. "माझ्याच बांधावर येऊ दे. दुसऱ्याच्यात गेली तर तो खरीच तक्रार करील," म्हणाले आणि चालते झाले. अशी माणसं होती तेव्हा, खोटं नाही सांगत.

पंचायतीचा कडबा संपला तेव्हा सहादूच्या बायकोनं, रतनबाईनं, छपराचं काड उपसून दिलं. उन्हाळाभर दोघं उघड्या आभाळाखाली झोपली, पण ढवळी तगली.

पुढच्या आषाढात कोंडवाड्याच्या दाराशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. गालफडं बसलेली, हाताच्या काड्या झालेल्या. सहादूनं विचारलं, "कोन पायजे, आजी?"

ती काही बोलायच्या आत ढवळी हंबरली आणि धावत येऊन तिचा हात चाटायला लागली. तेव्हा कुठं सहादूला उमगलं, आणि त्याला भडभडून आलं. वर्षभर त्याला गायीचीच काळजी होती. तिकडं बाई काय खात असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

भागिरथी ढवळीचं लोंबतं दावं उचलायला वाकली. सहादूनं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"गाय कुठं जात न्हाई," तो म्हणाला. "आदी तू जेवायला बस."