आवळ्याएवढा रोडगा

माणसानं आयुष्यात निदान एक तरी गोष्ट धडपणे लपवून दाखवावी. मला तेवढंही जमलं नाही. कसं जमलं नाही, ते सांगतो. हसू आलं तर हसा, मी वाईट वाटून घेणार नाही. चहा मात्र गार होऊ देऊ नका.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात मास्तर होतो. सातवीपर्यंतची शाळा, माझा विषय मराठी. दरवर्षी पत्रलेखन शिकवताना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो, ‘खासगी मजकूर पोस्टकार्डावर लिहू नये. अंतर्देशीय पत्र वापरावे.’ परीक्षेत यावर हमखास प्रश्न असे. हे आत्ताच का सांगतोय, असं विचारू नका. ऐका फक्त.

तर, गावात मी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतो. एक, दोन ऑक्टोबरला शाळेत मिताहार आणि संयम यांवर माझं भाषण व्हायचं. पाऊण तास. आणि दुसरी म्हणजे रोडगे.

आमच्याकडे मारोतीला नवस फेडायचा तर रोडगे करतात. कणकेचे हातभर जाड... बरं, हातभर नाही, पण मुठीपेक्षा मोठे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वर वांग्याची झणझणीत भाजी. साधा माणूस दोन खातो. शेतात राबणारा चार. आणि मी? अकरा! अकराव्या रोडग्याला पंगत उठून उभी राहिली होती, राष्ट्रगीताला राहावी तशी.

याचं निम्मं श्रेय तुळशीरामला. हा आमच्या गावचा रोडग्यांचा आचारी आणि वाढपीही तोच. आग्रह करावा तर त्यानं! नुसतं ‘घ्या’ म्हणायचा नाही. ताटासमोर बसकण मारायचा.

“गुरुजी, हा मारोतीच्या नावानं.”

“बस झालं रे.”

“मारोतीले नाई म्हनता? बरं, हा महादेवाच्या नावानं. आन् हा माह्या मायच्या नावानं. तिनं तुमाले लई आशीर्वाद देल्लेत जी!”

आता देवाला नाही म्हणता येईल एक वेळ, पण माणसाच्या आईला कसं म्हणणार?

परिणाम व्हायचा तो झाला. आर्वीला जिनिंगमध्ये कापूस मोजायच्या काट्यावर एका ओळखीच्या माणसानं मला गमतीनं उभं केलं. एक क्विंटल अठ्ठावीस किलो! “गाठ बांधून पाठवू का जी?” असं तो म्हणाला, मीही हसलो. पण घरी यायला एसटीच्या पायऱ्या चढलो तेव्हा छातीचा भाता झाला होता. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्तातली साखर बघून सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, बाजूला बोलावलं. त्या दिवशी तिनं मुंबईला आपल्या भावाला पत्र लिहिलं. अंतर्देशीय, बरं का.

मेव्हणा तिकडे एका इस्पितळात कारकून होता. तिथं परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर नवंच ऑपरेशन करायचे. पोटाचा वरचा कोपरा तेवढा शिवून वेगळा करायचा, की माणसाचं अर्ध्या वाटीत भागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला गेलो आणि शिवून घेतलं.

डॉक्टर सज्जन, आणि आपले मराठीच. निघताना म्हणाले, “मास्तर, एका वेळी अर्धी वाटी. सावकाश चावून. पोट भरल्यावर आग्रहानं एक घासही घेतलात तर आतले टाके उसवतील. आणि तुमच्या गावाहून मुंबई लांब आहे. समजलं?”

समजलं. मी घाबरून होकार दिला, आणि प्रकृती कळवल्यावर त्यांना उत्तर द्यायला अडचण नको म्हणून माझा पत्ता लिहिलेली चार कार्डं त्यांच्या हाती ठेवली. मला सवयच होती तशी.

गाडीत सुमनला बजावलं, “हे गावात कोणाला कळता कामा नये.”

“काऊन?”

“अगं, दरसाल पाऊण तास संयम शिकवणारा मास्तर, आणि त्याचा संयम सुईदोऱ्यानं शिवून आणलेला! लोक काय म्हणतील?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “लोकं काई वाईट नाई म्हनत. पन तुमाले वाटते तं राहू द्या.”

घरी तिनं माझ्यासाठी एक लहान वाटी काढली. स्वतःसाठीही तशीच एक काढली. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणाली, “मले तरी कुठं जास्त लागते?” दोघं समोरासमोर बसून अर्धी अर्धी वाटी वरणभात पाऊण तास चावत बसायचो. भाषणाएवढाच वेळ लागायचा.

बाहेर मात्र माझी तारांबळ! कोणी शिरा पुढे केला, की कारण सांगायचं. एकाला सांगितलं दात दुखतो. दुसऱ्याला सांगितलं वैद्याचं पथ्य आहे. तिसऱ्याला सोमवार धरल्याचं सांगितलं. पुढं पुढं कोणाला काय सांगितलं याचा मेळ राहिना. एका गुरुवारी मी एका घरी ठणकावून म्हणालो, “आज माझा सोमवार आहे!”

यजमानांनी शिऱ्याची ताटली मागे घेतली. मग म्हणाले, “हो जी, कडक उपास दिसते.”

मला वाटलं, काय भोळी माणसं आहेत!

त्यात शरीर आटायला लागलं. लोकांच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून मी काय केलं असेल? सदऱ्याखाली पोटाला टॉवेल गुंडाळला! जुलैत एक, ऑगस्टमध्ये दोन. आरशात पाहिलं तर पूर्वीचाच मी. स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन. सगळा गाव जमलेला. दोरी माझ्याच हातात. झटका दिला, वर झेंडा उलगडला आणि खाली माझा टॉवेल. सदऱ्याखालून हळूहळू उतरत आला आणि गुडघ्यापर्यंत लोंबला. पांढरा, लाल काठाचा. मी सलामी दिलेली, हात हलवता येईना!

भीतभीत डोळ्यांच्या कोपऱ्यातून समोर पाहिलं, तर काय? एकाचंही लक्ष माझ्याकडे नाही. म्हातारे, बाया, सरपंच, सगळे माना ताणून झेंड्याकडे बघत होते. राष्ट्रगीत संपलं तरी बघत होते. मी टॉवेल खोचून घेईपर्यंत कोणी मान खाली केली नाही. इतकं एकाग्र झेंडावंदन मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही. मनात म्हटलं, देशप्रेम असावं तर असं!

पण खरी परीक्षा पुढंच होती. मार्गशीर्षात मारोतीचे रोडगे आले. खावं तर टाके जातात, न खावं तर बिंग फुटतं.

सुमन म्हणाली, “नका जाऊ. ताप आला म्हनून सांगतो मी.”

“अकरा रोडगे खाणारा माणूस घरी बसला तर गाव चौकशीला घरी येईल. त्यापेक्षा पिशवी नेतो.”

खांद्याला लावायची शबनम पिशवी. आत प्लास्टिकचा कागद घातला, म्हणजे तूप गळायला नको. रोडगा ताटात पडला, की फोडायचा, बोलता बोलता पिशवीत सोडायचा. घरी दोनदा तालीमसुद्धा केली, चेंडू घेऊन. सुमन चुलीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, काळजीनं रडतेय.

रोडग्यांच्या दिवशी सकाळी मी जागा झालो तेव्हा ती घरी नव्हती. देवळात दर्शनाला गेले होते, असं आल्यावर म्हणाली.

पंगत बसली. तुळशीराम टोपलं घेऊन ओळीनं वाढत आला. पिशवीचं तोंड उघडं करून ठेवलेलं. तो समोर आला आणि त्यानं माझ्या ताटात एक रोडगा ठेवला.

आवळ्याएवढा!

मी बघतच राहिलो. “तुळशीराम, हे काय?”

“यंदा कनिक कमी पडली जी,” तो टोपल्याकडे पाहत म्हणाला. “सगळ्याइलेच लहान केले. मारोतीच्या नावानं येक घ्या, बस.”

मी शेजारच्यांच्या ताटात डोकावलो. ज्याच्या त्याच्या ताटात भाजीत कालवलेला चुरा, वर हात. आकार काही कळेना. पण मला कुठं शंका घ्यायची होती? मारोतीनंच लाज राखली!

इथं मी गप्प बसायला हवं होतं ना? संकट टळलं होतं. पण मी मास्तर! उभा राहिलो, आणि म्हणालो,

“गावकरी मंडळी, माझी भूक आपण जाणता. आजही अकरा सहज गेले असते! परंतु कणीक कमी आहे. सर्वांना पुरावं म्हणून मी या एकावर समाधान मानतो. यालाच संयम म्हणतात!”

एकाला जोराचा ठसका लागला. दोघांनी त्याची पाठ चोळली. तुळशीरामनं उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “गुरुजीचा त्याग लई मोठा हाये बाप्पा!”

मी भरल्या मनानं खाली बसलो, आणि माझा आवळा पंचवीस मिनिटं चावला.

त्यानंतर टाके धरले, साखर उतरली, एसटीच्या पायऱ्या मी भराभर चढू लागलो. गावात कोणालाही काही कळलं नव्हतं, याचा अभिमान वेगळाच. टॉवेल यथावकाश सुटले. अंगानं उतरलो ते चालण्यामुळे, असं मी सांगायचो, आणि ‘चालनं लई चांगलं जी’ असं लोक म्हणायचे.

तीन वर्षांनी सुमन गेली. आठच दिवस आजारी होती. त्याविषयी इथं काही लिहीत नाही.

तेरवीला पंगत होती. तुळशीरामच वाढत होता. माझ्यापुढं आला, आणि सगळ्यांच्या ताटात असतात त्या द्रोणांऐवजी त्यानं उपरण्याच्या आतून एक लहान वाटी काढली. घरातली. आमच्या दोन वाट्यांपैकी एक. अर्धी भरली आणि ठेवली.

“ही कुठून आणलीस?”

“वैनीनं देल्लती. दवाखान्यात नेलं ना त्याइले, त्याच्या आदल्या दिवशी. म्हने, माह्या मागं पंगतीत कोनाच्या ध्यानात राहीन न राहीन.”

“काय ध्यानात राहील?”

तुळशीरामनं इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्यासमोर बसला, पूर्वी आग्रहाला बसायचा तसा.

“गुरुजी, मुंबईच्या डॉक्टरचं पयलं कार्ड आलं ना जी तुमचं, तवा तुमी शाळेत होते. नत्थूजी पोस्टमन पारावर बसूनच सगळ्याइचे कार्डं वाचते. अर्ध्या गावाले वाचता येत नाई, मंग तो लहानमोठं पाहत नाई, येकामागून येक वाचत जाते. तुमचं बी वाचून गेला. ‘पोट लहान केल्यामुळे अर्ध्या वाटीहून अधिक घेऊ नये, आग्रह जिवावर बेतेल...’ तिथवर आला आन् त्याच्या ध्यानात आलं. मंग पयत गेला तुमच्या घरी. रडाले आलता तो.”

“आणि सुमन?”

“वैनी पारावर आल्या. आमाले वाटलं आता बोलतीन. तं म्हनाल्या, नत्थूजी, वाचलंच हाये तं शेवटपावतर वाचा. सगळ्याइनं नीट आयका. आन् तुळशीरामभाऊ, तुमी दोन डाव आयका.” त्यानं खांद्यावरचं उपरणं सावरलं. “मंग हात जोडून म्हनाल्या, पन त्याइले समजू देऊ नका. त्याइले वाटू द्या का लपलं हाये म्हनून.”

“आणि तो आवळ्याएवढा...?”

“तो वैनीनंच थापलता जी. सकाळी येऊन. येकच. बाकीच्याइनं आपापले लवकर चुरून टाकले.”

मी वाटीकडे पाहत राहिलो. गुरुवारचा सोमवार आठवला. झेंडा आठवला. त्यागाचं भाषण आठवलं. तीन वर्षं अख्खं गाव, लहानथोर, एका माणसाची लाज दोन्ही हातांनी झाकून बसलं होतं. आणि तो माणूस त्यांना भोळं समजत होता!

“तुळशीराम,” मी म्हणालो, “मला समजलं, हे कोणाला सांगू नकोस. त्यांनी इतकं सांभाळलं, तर त्यांचं सांभाळणं तसंच राहू दे.”

“नाई सांगत जी,” तो म्हणाला. आणि त्यानं नाहीच सांगितलं. गावाचा माणूस ना तो.

आणि मी काय केलं, ते ऐका. दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना तेरवी पार पडल्याचं कळवायला बसलो. वीसेक पत्रं असतील. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात आपला चालत होता. मेव्हण्याला जरा सविस्तर लिहिलं. तुझ्या बहिणीनं गावाला सगळं सांगून ठेवलं होतं, मला काल समजलं, पण मला समजलं आहे हे गावाला कधीही कळू द्यायचं नाही, तू इकडे आलास तरी बोलू नकोस.

गठ्ठा पारावर नत्थूजींच्या हातात दिला. सवयीनं त्यांनी वरचं, मेव्हण्याचं, उचललं. ओठ हलू लागले. मग थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“गुरुजी,” ते फार हळू म्हणाले, “हे बी... आमी वाचलं नाई ना जी?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळीच्या सगळी पोस्टकार्डं होती.

त्या वर्षी मारोतीच्या रोडग्यांना गेलो. तुळशीरामनं माझ्या ताटात आवळ्याएवढा एक ठेवला. म्हणाला, “यंदा बी कनिक कमीच पडली जी.” मी मान वर करून पंगतीकडे पाहिलं.

सगळा गाव अगदी एकाग्रतेनं देवळावरच्या झेंड्याकडे बघत होता.