व्यंकटमामांचा ओला अंगठा

हातात कुठलाही छापील कागद आला की व्यंकटमामा आधी उजवा अंगठा जिभेला लावायचे आणि अक्षरांवरून फिरवायचे. मग तो अंगठा उजेडाकडे धरून बघायचे, आणि त्यानंतरच कागद वाचायचे. लाईटचं बिल असो, देवळाची पावती असो, नाहीतर कुणाची नोटीस. एकदा मी पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले, तर त्यांनी नवरीच्या नावावरूनच अंगठा ओढला. मी म्हटलं, "अहो मामा, पत्रिका आहे ती!" तर म्हणाले, "असू दे की माय. नाव टिकलं पाहिजे."

देगलूरला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक टेबलफॅन आणि चहूकडे पोट उघडून बसलेली मशिनं. मामा किडकिडीत, पांढऱ्या पूर्ण बाहीच्या शर्टाच्या कफांवर शाईचे डाग, कानावर स्क्रूड्रायव्हर. बिघडलेल्या प्रिंटरला कान लावून त्याचा आवाज ऐकायचे. गिऱ्हाईक तेलंगणातून आलं तर तेलुगूत, बिदरकडचं असलं तर कन्नडमध्ये बोलायचे, पण एक वाक्य मात्र कायम मराठीतच असायचं, "मला भ्या वाटून राहिलंय." आभाळात जरासं गुरगुरलं की हा माणूस गल्लीभर पळत जाऊन सगळ्यांच्या मशिनांच्या पिना काढायला लावायचा. लोक हसायचे. मीही हसायचे. आता त्याची लाज वाटते.

तशी मी स्वतः काही कमी भित्री नाही. दाराची कडी लावली की नाही हे तीनदा उठून बघणारी बाई. तरी प्रतीक्षा, माझी मुलगी, बारावीला गेली तेव्हा मी हिय्या केला आणि कचेरीजवळ एक खोली घेऊन ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं काम सुरू करायचं ठरवलं. कॉम्प्युटर घरात होता. प्रश्न प्रिंटरचा. कुणीतरी सांगितलं, व्यंकटमामाला विचार.

मला वाटलं होतं, ते विचारतील बजेट किती. त्यांनी ते विचारलंच नाही. "दिवसाला पानं किती निघतील?" हा पहिला प्रश्न. "लाईट किती येळा जाती तिकडं?" हा दुसरा. आणि मग स्टूल पुढं ओढून, जरा खालच्या आवाजात, "कागद कुणाच्या हातात जाणार?"

"लोकांच्या," मी म्हटलं. "आणखी कुणाच्या?"

"लोकांच्या म्हंजे कशा लोकांच्या? शेतातून आलेल्या, घामेजलेल्या खिशात घडी घालणाऱ्या. पाण्याची बाटली आन कागद एकाच पिशवीत घालणाऱ्या. बग माय, घरात पोरांच्या चित्राला, फोटोला शाईच्या टाकीचा घे, काही वाईट न्हाई, खर्चाला हलका हाय. पण लोकांच्या नशिबाचे कागद काढायचे असतील तर लेझर घे. काळा-पांढरा. जुना घे, मी ड्रम बदलून देतो. त्याची शाई म्हंजे टोनरची कोरडी भुकटी, कागदावर भाजून बसती. पाण्याला भीक घालत न्हाई."

त्यांनी दाखवलेलं मशिन पिवळं पडलेलं होतं आणि झाकणाला चिकटपट्टी होती. मला तर रंगीत हवा होता. नवंकोरं दुकान आणि त्यात हे धूड ठेवायचं? मी नांदेडला गेले आणि चकचकीत, चार रंगांच्या टाक्यांचा, मोबाईलवरून चालणारा प्रिंटर घेऊन आले. जुन्या लेझरपेक्षा स्वस्तच पडला, वर एक कागदाचा गठ्ठाही फुकट मिळाला. केवढी खूश होते मी!

मामा रागावले नाहीत. दुकान उघडलं त्या दिवशी नारळ घेऊन आले. पहिलं पान निघालं तसा त्यांनी ते उचललं, अंगठा ओला केला आणि फिरवला. काळ्या अक्षरांची निळसर शेपटी कागदभर ओढली गेली. "काही मशिनांची काळी शाई पक्की असती," ते म्हणाले, "हिची न्हाई." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला वाटलं यांना घेरी येते की काय. "मला भ्या वाटून राहिलंय, माय," एवढंच म्हणाले आणि नारळ न फोडताच निघून गेले. मी मनात म्हटलं, काय अपशकुनी म्हातारा आहे! आपलं मशिन घेतलं नाही म्हणून नाक मुरडतोय.

पुढचे आठ महिने काहीही झालं नाही. आणि मग तो रविवार आला.

प्रतीक्षाची प्रवेश परीक्षा होती, केंद्र लातूरला. दोन वर्षं पोरीनं डोकं वर काढलं नव्हतं. हॉल तिकीट मी माझ्या हातानं, रंगीत काढलं होतं, फोटो असा सुरेख आला होता. आदल्याच दिवशी सासूबाई माहूरगडावरून आल्या होत्या. निघताना त्यांनी नातीच्या कपाळाला कुंकू लावलं, हॉल तिकीट देवीच्या फोटोपुढं ठेवलं, मग प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून फाईल बंद करून तिच्या हातात दिली. म्हणाल्या, "आईचा आशीर्वाद संगं दिलाय बाळा. उघडू नको उगं."

उदगीर मागं पडलं आणि केंद्राचा पत्ता बघायला म्हणून प्रतीक्षानं फाईल उघडली. उघडली आणि ती काही बोललीच नाही. फक्त माझं मनगट धरलं. मी वाकून बघितलं. फाईलमध्ये पानाच्या द्रोणात बांधलेला गडावरचा तांबूल होता. कुटलेल्या विड्याचा ओला गोळा. बसच्या धक्क्यांनी तो फुटला होता आणि त्याचा रस हॉल तिकीटभर पसरला होता. बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. आसन क्रमांकाच्या जागी निळंकाळं डबकं. माझ्या लेकीचा चेहरा हनुवटीपासून खाली वाहून गेला होता.

मी घाईघाईनं मोबाईल काढला. दीड वाजता गेट बंद, पुढं एक मिनिट नाही, असं त्या कागदावरच लिहिलेलं होतं, आणि तेवढं मात्र नीट वाचता येत होतं! मोबाईलवर साईट उघडत नव्हती, नुसतं गोल फिरत होतं. हॉल तिकिटाची मूळ फाईल होती दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये. नवरा ड्युटीवर परगावी. देगलुरात कॉम्प्युटरमधली फाईल शोधून पाठवू शकेल असा एकच माणूस मला आठवला.

फोन लावला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. मग मामा म्हणाले, "पोरगी रडून राहिली का?"

"नाही मामा, ती बोलतच नाही."

"बोलत न्हाई?" त्यांचा आवाज एकदम फाटला. "तिला बोलतं कर, माय. काहीबी बोल तिच्याशी. गप बसू देऊ नको. चावी कुणाकडं हाय?"

चावी सासूबाईंकडं होती. सत्तरीला टेकलेला तो माणूस उन्हात पळत आमच्या घरी गेला, सासूबाईंकडून चावी घेऊन दुकानात गेला, आणि बस लातूरच्या नाक्यावर पोचली तेव्हा माझ्या मोबाईलवर फाईल आली होती. साडेबारा वाजून गेले होते. रिक्षानं केंद्रापाशी उतरलो तर रविवारमुळं निम्मी दुकानं बंद, उघड्या दुकानांपुढं ही झुंबड. गर्दीतून घुसून मी पहिल्या दुकानातून प्रिंट काढली. प्रतीक्षा कागद घेऊन पळायला लागली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिच्या हातातून कागद हिसकावला, अंगठा जिभेला लावला आणि कोपऱ्यातल्या अक्षरांवरून फिरवला.

शेपटी ओढली गेली.

"ओ बाई, काय करताय?" दुकानदार ओरडला. "मम्मी, वेळ नाही!" पोरगी पहिल्यांदा बोलली, म्हणजे किंचाळलीच. वेळ खरंच नव्हता. पण तिचे तळहात घामानं निथळत होते आणि तीन तास ती हा कागद हातात धरणार होती. मला भ्या वाटून राहिलं होतं. मामांच्याच शब्दांत वाटत होतं. मी तिला ओढत कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं. तिथं टेबलावर एक पिवळं पडलेलं मशिन होतं. झाकणाला चिकटपट्टी. ते मशिन बघून मला रडूच फुटलं. गरम कागद हातात आला, अंगठा फिरवला, अक्षर जागचं हललं नाही.

ती आत गेली आणि चार-पाच मिनिटांनी गेट लागलं. मी फुटपाथवर बसले. मामांना फोन केला, "गेली आत." मग एक म्हातारा माणूस हुंदके देऊन रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा फोनवर ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या दुकानात गेले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. फार वर्षांपूर्वी ते कचेरीसमोर टायपिंग करायचे. गावातला पहिला शाईचा प्रिंटर त्यांनी आणला. "लई हुश्शार समजत होतो मी सोताला." त्यांच्या मुलीचा, मंगलचा, नर्सिंगचा अर्ज आणि सगळी जोडपत्रं त्यांनी त्याच प्रिंटरवर काढली आणि शेवटच्या तारखेला तिला एकटीला नांदेडला पाठवलं. पिशवीत पाण्याची बाटली होती. ती सांडली. खिडकीवरच्या माणसानं अर्ज परत केला. त्याच उन्हाळ्यात मंगलचं लग्न झालं, इस्लापूरला, शेती करणाऱ्या घरात.

"घरी आली आन गप बसली," मामा म्हणाले. "एक शब्द बोलली न्हाई मला. आजपत्तूर न्हाई. सणाला येती, भाकरी करून घालती, पण त्या गोष्टीवर शब्द न्हाई. ती कवातरी बोलंल, त्याचंच मला भ्या वाटून राहतं."

त्याच आठवड्यात मी ते पिवळं धूड उचलून आणलं. मामांनी ड्रम बदलून दिला. टोनर संपत आला की काढून आडवा हलवायचा, आणखी पंचवीस-तीस पानं निघतात. भरून घेतलेला टोनर चालतो, पण भरणारा माणूस ओळखीचा पाहिजे. मशिन खिडकीजवळ ठेवायचं नाही. सगळं त्यांनीच शिकवलं. रंगीत प्रिंटर घरी गेला, त्यावर सासूबाई देवीचे फोटो काढून घेतात. प्रतीक्षा आता लातूरलाच शिकते.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. दुकानातच, मशिनला कान लावून बसलेले असताना.

पंधरा दिवसांनी एक बाई माझ्या दुकानात आली. उन्हानं रापलेली, हातात कापडी पिशवी. "व्यंकटरावांची मंगल मी," ती म्हणाली. "बाबाचा मृत्यूचा दाखला काढायचाय." जिच्या बोलण्याला मामा जन्मभर भ्याले ती ही. मी दाखला काढला. तिनं तो घेतला, सावकाश अंगठा जिभेला लावला आणि बापाच्या नावावरून फिरवला.

नाव हललं नाही.

"पक्का हाय," ती म्हणाली, आणि समोरच्या स्टुलावर बसली. मग माझ्याकडं न बघताच बोलली. "बाबा तुमच्यापाशी बोलले असतील माझ्या फॉर्मचं."

मी मान हलवली.

"मला न्हवतं व्हायचं नर्स. रक्त बघितलं की मला चक्कर येती. पण बाबा एवढे खूश होते, म्हणून म्हटलं न्हाई काही. नांदेडच्या स्टँडवर बसले, पिशवी उघडली आन पाणी मीच ओतलं त्या कागदावर. बाबाला सांगायचं भ्या वाटलं. मग दिवस गेले तसं आणखीच वाटाया लागलं. सणाला यायचे तवा ठरवून यायचे, औंदा सांगायचंच म्हणून."

मी तिला प्रतीक्षाची गोष्ट सांगितली. तांबूल, बस, गेट, ते कोपऱ्यावरचं दुकान, सगळं. तिनं ओतलेल्या त्या बाटलीभर पाण्यानं मामांना अंगठ्याची सवय लागली आणि त्या सवयीमुळं माझी लेक आत गेली, हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी दाखल्यावर पडत होतं. पुसायला मी रुमाल पुढं केला, तर तिनं हात आडवा धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुसू नका. जात न्हाई ते."