कागदावरची सहा वर्षं

दुपारचे दोन वाजलेत. खिडकीचं दार लोटून घेतलंय, डबा तसाच पडलाय, आणि मी टेबलावर हाताची उशी करून डोकं टेकलंय. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, असं स्वतःला बजावते. बाहेर बाकावर कुणीतरी खोकतंय. झोप अशी लागत नाहीच, नुसती येऊन उंबऱ्यात उभी राहते.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सरकारी विम्याची जी मदत खिडकी आहे ना, तिथं मी बसते. म्हातारी माणसं येतात, अपंग येतात. कुणाला कोणतं कार्ड निघतं, कागद काय लागतात, कोणता आजार योजनेत बसतो आणि कोणता बसत नाही, हे सांगायचं माझं काम. तेरा वर्षं झाली. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. एकच गोष्ट चारदा सांगावी लागली की पाचव्यांदा मी खेकसते. खोटं कशाला बोलू?

आज मात्र कुणावर खेकसायचंही त्राण नाही. तीन नंबरच्या वॉर्डात अकराव्या खाटेवर शेवंताबाई ऐवळे पडून आहेत. चार दिवसांपूर्वी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात होईल, पण कार्ड असेल तर. सत्तरी ओलांडलेल्यांना ते कार्ड निघतं. शेवंताबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण आधार कार्डावर अडुसष्ट. रेशनकार्ड पुतण्याचं, त्यात त्यांचं नावच नाही, म्हणून दुसऱ्या योजनेचाही रस्ता बंद. मूलबाळ नाही. पुतण्या रोजंदारीवर जातो, तो आज पाच वाजता त्यांना घरी नेणार आहे. खुबा मोडलेली म्हातारी घरी नेली की काय होतं ते मी पाहिलंय. आधी पाठीला जखमा होतात, मग छातीत कफ भरतो. महिना, फार तर दोन.

खिडकीवर टकटक होते. मी मान न उचलताच सांगते, जेवणाची सुट्टी आहे.

"आलो बघा म्याडम," आवाज येतो. "तुमी सांगितलासा तसा."

दार लोटलेलंच आहे, तरी मला पलीकडचा माणूस दिसतो. खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं, खांद्यावर टॉवेल. दगडू ऐवळे. शेवंताबाईंचे मालक. सूतगिरणीच्या गेटवर वॉचमन होते. त्यांना जाऊन दीड वर्ष होऊन गेलं हे मला माहीत आहे, आणि तरीही मी विचारते, कागद आणलेत का मामा?

ते आधार कार्ड पुढं सरकवतात. "आज सत्तर पुरी झाली. कागदावर."

दोन वर्षांपूर्वी ह्याच खिडकीत, ह्याच वेळेला हा माणूस उभा होता. छातीत दुखायचं, शिरेत अडथळा निघाला होता, डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. मी आधार पाहिलं तर वय अडुसष्ट. तेव्हा त्यांनी गयावया करून खरं सांगितलं होतं. गिरणीचा ठेकेदार साठीच्या वरचा नवा वॉचमन घ्यायचा नाही, म्हणून आधार काढताना त्यांनी सहा वर्षं कमी सांगितली. नवरा एवढा लहान झाल्यावर बायको मोठी कशी दिसेल, म्हणून तिचीही सहा उडवली. दोघं त्या दिवशी सहा-सहा वर्षांनी तरुण होऊन हसत घरी गेली होती म्हणे. मागं रांग होती, मला भूक लागली होती. मी कार्ड परत ढकललं आणि म्हणाले, मग या दोन वर्षांनी.

चार महिन्यांनी ते गेले. गिरणीच्या गेटवर, रात्रपाळीत, खुर्चीत बसल्या बसल्या. सकाळच्या पाळीच्या बायकांना वाटलं मामा जागे आहेत, कारण डोळे उघडे होते. नंतर ते मिटता मिटेनात.

"काढा की कार्ड," ते म्हणतात.

मी घाईघाईनं मोबाईल उघडते. निघेल, आता निघेल, वय बसतंय. नंबर घालते. चेहरा पटवायचा असतो, मोबाईल त्यांच्यासमोर धरते. गोलात त्यांचा चेहरा येतो आणि खाली अक्षरं येतात, डोळ्यांची उघडझाप करा.

ते माझ्याकडं बघत राहतात.

मामा, डोळे मिटा आणि उघडा, मी सांगते. एकदाच. ते मान हलवतात, जमत नाही म्हणून. अहो, नुसती पापणी पाडा. मी खेकसते, आणि खेकसल्यावर मला स्वतःचीच लाज वाटते. त्यांच्या पापण्या हलत नाहीत. गोल लाल होतो. मी परत करते. परत लाल. मी उठते, बोटानं त्यांची पापणी खाली ओढू लागते, आणि ती गार आहे, आणि आम्ही गिरणीच्या गेटवर उभे आहोत. खिडकी नाही, टेबल नाही. आत यंत्रं चालल्याचा आवाज येतोय आणि त्यांची लोखंडी खुर्ची रिकामी आहे.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणतात. "माझं कशाला आता?"

मी त्यांना सांगते की मामा, नियमच तसा होता, माझ्या हातात काही नव्हतं. हेच वाक्य मी दीड वर्ष घरी म्हणते, नवऱ्यापुढं म्हणते, भांडी घासताना म्हणते. ते ऐकून घेतात. मग टॉवेलाच्या घडीतून एक पिवळा पडलेला कागद काढतात. शाळा सोडल्याचा दाखला. चौथी पास. जन्मतारीख स्पष्ट लिहिलेली आहे, खरी.

"हा ट्रंकेत होता," ते म्हणतात. "दुरुस्ती हुती म्हणं ह्याच्यावर. पंधरा दिसात. तुमी इचारलंच न्हाईसा."

होते दुरुस्ती. मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. 'शाळेत गेला होतात का मामा' एवढे शब्द, बस्स. तुम्हाला सांगते, ह्या जन्मात मला एवढंच एक वाक्य परत बोलायला मिळालं तरी पुरे. मी त्यांचे पाय धरायला वाकते तर समोर खाटेचे पाय आहेत, तीन नंबरच्या वॉर्डातल्या खाटेचे, आणि वर शेवंताबाई झोपल्यात. पायाला वजन बांधलंय. दगडूमामा उशाशी उभे राहून बायकोकडं बघतायत.

ते चिडलेले नाहीत. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हिला किती वर्सांनी बोलवलंय?" ते विचारतात.

कागदावर अडुसष्ट म्हणजे पुन्हा दोनच वर्षं. काल पुतण्याशी बोलताना तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं मी ते, पण आलं होतं. मी मामांना सांगते की यावेळी मी विचारलं. खरंच विचारलं. काल दोनदा विचारलं शेवंताबाईंना, शाळेत गेला होता का, आणि त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, आमाला कुठली शाळा. मी शाळेत फोन केला, तुमच्या गावच्या. रजिस्टर बघायला लावलं. शेवंता नावाची मुलगीच नाही.

"शेवंता कशी आसंल?" ते म्हणतात. "शेवंता मी ठेवलं. लगनात."

तांदळात अंगठीनं नाव लिहितात, नवरीचं नवं नाव. माझंही असंच बदललंय की, सासरी आल्यावर. माझ्या आईनं हाक मारलेलं नाव गेल्या चोवीस वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. आणि मी, बाईमाणूस असून, बाईला माहेरचं नाव विचारलं नाही.

मग सांगा ना, मी म्हणते. काय नाव होतं, कुठली शाळा, सांगा लवकर.

आता आम्ही एका शाळेच्या ओट्यावर आहोत. कौलारू, दोनच खोल्या, अंगणात लिंब. सगळी पोरं पाटीवर मान घालून बसलीत आणि एकाचाही आवाज येत नाही. दगडूमामा सांगतात, पहिलीत नाव घातलं होतं तिचं. तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी बाप आला आणि शेरडांमागं घेऊन गेला. तीन दिवसांची शाळा काय सांगायची म्हणून ती कुणाला सांगत नाही. लाजते. त्यांनाही लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं होतं.

तीन दिवस गेली तरी नाव चढतं रजिस्टरला, मी म्हणते. जन्मतारीख चढते. आणि लगेच तेरा वर्षांची सवय माझ्या तोंडून बोलायला लागते. पण मामा, नाव वेगळं, आधारवर वेगळं. ती हीच बाई कशावरून? नाव बदलल्याचा पुरावा लागेल, प्रतिज्ञापत्र लागेल, तहसील लागेल, आणि पुतण्या पाचला येतोय, नाही हो होणार एवढ्यात.

"म्याडम," ते म्हणतात, अगदी हळू. "तुमी परत न्हाईच म्हनालाय."

मी रडायला लागते. पोरं वर बघत नाहीत. मी त्यांना हात जोडून म्हणते की नाव सांगा, मी जाते, मी स्वतः जाते, होईल ते होईल, पण मला ते लक्षात राहणार नाही, स्वप्नातलं माझ्या लक्षात राहत नाही. ओटा पुसट होत चाललाय. कौलं गेली. मामा माझा डावा हात धरतात आणि तळवा उघडा करतात. गार, खरखरीत बोटं. तळव्याला काहीतरी टोचतं. ते खाली वाकून सावकाश, एकेक घास चावावा तसं लिहितायत, आणि मला वाटतं, लवकर करा मामा, मी जागी होतेय, लवकर.

"मॅडम. अहो मॅडम."

अंजना सिस्टर खांद्याला हलवतेय. घड्याळात तीनला दहा कमी आहेत. गालावर टेबलाच्या कडेचा वळ उठलाय आणि तोंड ओलं आहे. सिस्टर सांगते की ऐवळेंचा पुतण्या पाचची वाट न बघता आत्ताच रिक्षा घेऊन आलाय, म्हातारीला न्यायची म्हणतोय, तुम्ही या जरा. मी उठायला हात टेकते तर ती म्हणते, हे काय लिहिलंय हातावर?

मी तळवा उघडते.

निळ्या शाईत तीन ओळी. हौसा तुका वायदंडे. मराठी शाळा माळेवाडी. पहिली, तीन दिवस. अक्षर माझं नाही. मोठं, एकेक सुटं, वर रेघ ओढायला विसरलेलं, चौथी शिकलेल्या माणसाचं.

"हौसा कोण?" सिस्टर विचारते.

मी वॉर्डात जाते. पुतण्या चादरीची टोकं गोळा करतोय. मी शेवंताबाईंच्या कानाशी वाकून म्हणते, हौसा. चार दिवसांत ज्यांनी एकदाही नीट डोळे उघडले नव्हते त्या डोळे उघडून माझ्याकडं बघतात.

"कुनी सांगितलं तुमाला?"

मी पुतण्याच्या हातून चादर काढून घेते आणि बजावते की मी येईपर्यंत ह्यांना हात लावायचा नाही. माळेवाडी इथून पाऊण तासावर. शाळा पाचला सुटते. रजिस्टर उंदरांनी खाल्लेलं असेल, मुख्याध्यापक रजेवर असतील, आणि सगळं मिळालं तरी वरचा साहेब दोन नावं बघून 'नाही' म्हणेल. मला माहीत आहे तो कसा म्हणतो, मी तेरा वर्षं तसंच म्हणत आले.

फाटकाशी पुतण्याची रिक्षा उभी आहे. मी तिच्यात चढते आणि माळेवाडी सांगते. रिक्षावाला विचारतो, म्हातारीला न्यायचं होतं ना? नाही म्हणून सांगते. ऊन कडक आहे, अंगाला घाम फुटलाय. डावा हात मी बाहेर वाऱ्यावर उघडा धरते, अक्षरं पुसू नयेत म्हणून.