चार गिऱ्हाइकांची पंगत

मुलांनो, काल टीव्हीच्या पडद्यावर एक गिऱ्हाईक लालबुंद होऊन टेबलावरून उठलं आणि तरातरा निघून गेलं. पाठोपाठ उरलेली तिघंही गेली. तुम्ही सुट्टीत माझ्याकडे ठेवून गेलात त्या गेमच्या खोक्यातली ही खाणावळ. त्यातला नदीवर गळ टाकून बसायचा खेळ मला आवडतो. मासा लागेपर्यंत तिथे कोणी ओरडत नाही. गाड्या ठोकायचा खेळ मी सुरूच करत नाही. स्वयंपाकाचा मात्र आपला वाटला होता.

"आजी, पहिलं ताट तयार होतं, दिलं का नाहीस?" त्याच्या घरून माझ्याबरोबर ऑनलाइन खेळणारा नातू ईशान फोनवर किंचाळला.

"चौघं एका टेबलावर बसलीत. एकाला वाढून तिघांना नुसतं बघत बसवू?"

"अगं, जो आधी आला त्याला आधी! हरवलंस ना!"

"तुमच्या घरी असंच जेवता?"

"हो. मी माझ्या खोलीत, आई-बाबा त्यांच्या वेळेला."

मला संताप आला, आणि तो नुसता खेळाचा नव्हता. माणसाला भूक लागते तशी सोबतही लागते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने खाणावळ काढूच नये. घड्याळाच्या धाकात पोट भरतं, जेवण होत नाही.

आज मी एकटीच खेळले आणि पुन्हा चारही ताटं एकदमच वाढायला घेतली. चौथं ताट होईपर्यंत तिघं उठून गेली. त्यांची ताटं झाकून ठेवावीत म्हणून मी सगळी बटणं दाबून पाहिली. त्या स्वयंपाकघरात सगळं आहे, झाकण तेवढं नाही.