चोरीची चाल

लग्नानंतरची ती माझी दुसरी दिवाळी. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर आमची धानाची शेती होती आणि माझे यजमान गावच्या भजन मंडळात पुढे उभे राहून गाणारे. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्रेसारखीच, पण त्यात पाहुणे आणि गाणं महत्त्वाचं. त्या वर्षी आमच्या मंडईत आसपासच्या मंडळांची भजनं व्हायची होती, आणि आमच्या मंडळाला नवी पेटी घ्यायची होती. त्यासाठी घरोघरून सूपभर नवं धान आलं. ते भिजवायचं, भाजायचं, कांडून पोहे करायचे आणि मंडईत विकायचे, हे काम बायकांचं. कांडप आमच्याच अंगणात.

आम्ही कांडत असू तेव्हा आतल्या खोलीत दार लावून मंडळ नवी चाल बसवत असे. यजमानांनी स्वतः बांधलेली. ती बाहेर कोणाच्या कानावर पडू नये म्हणून आम्हाला ताकीद होती, मुसळ थांबवायचं नाही. मुसळाच्या आवाजात आम्हाला थोडाफार मृदंग ऐकू येई, एवढंच.

माझं माहेर दोन कोसांवर. तिथलंही मंडळ मंडईत गायला येणार होतं, आणि दोन्ही मंडळांची जुनी चढाओढ. भाऊबीजेला निघताना यजमान म्हणाले, "तिथं चालीचं काही बोलू नको."

"मले कुठं येते ती?"

तरी त्यांनी माझ्यासोबत धाकट्या नणंदेला धाडलं.

मी परतले आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाचा मृदंगवाला आमच्या ओसरीवर येऊन बसला. गोंदियाच्या गिरणीत धान टाकून येताना त्याला माझ्या माहेरच्या बैलगाड्या भेटल्या होत्या. "एक गाडीवान आपलीच चाल गुणगुणून राहिला होता," तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाला, "भाऊबीजेच्या आंधी तं कोणालेच मालूम नव्हती."

तेव्हापासून घर बदललं. सासूबाई नणंदेला परसात घेऊन बसल्या. मी गेले तशा दोघी थांबल्या. नणंदेनं खरं तेच सांगितलं होतं, की वहिनी विहिरीपाशी भावाशी बराच वेळ बोलत होती. आम्ही आईच्या अधू होत चाललेल्या डोळ्यांबद्दल बोललो होतो, पण ते आता कोण ऐकणार? कांडपाच्या बायका माझ्याशी हसून बोलत, आणि मंडळाचं नाव निघालं की एकमेकींकडे बघत. तालीम मृदंगवाल्याच्या घरी गेली. यजमान जेवायला बसले की मी वाढत असे, ते ताटाकडे बघत.

मग मीही तशीच झाले. नणंद खरंच फक्त विहिरीचंच बोलली का? मृदंगवाल्याला माझ्याबद्दल एवढा आकस कशाचा? आपणच नकळत काही बोलून तर गेलो नाही, असंही कधी वाटायचं. जी चाल मला ठाऊक नव्हती, ती मी सांगितली की काय, याचा मी विचार करत बसायची.

मंडईच्या दिवशी आम्ही बायका पोत्यावर पोह्यांच्या टोपल्या मांडून बसलो. शेजारी पोरांसाठी फुटाणे, गूळ. गोंदियाचा एक व्यापारी "पोहा ताजा है क्या?" करत मूठ मूठ चाखून गेला. समोरच्या मांडवात पहिलं मंडळ माझ्या माहेरचं उभं राहिलं. त्यांनी पहिली ओळ उचलली तशी आमच्या मंडळात चुळबुळ झाली, आणि यजमानांनी गर्दीतून वळून थेट माझ्याकडे पाहिलं.

माझे हात टोपलीतच राहिले. ते रोवणीचं, धानाची रोपं लावतानाचं गाणं होतं. लय संथ केलेली, बायकांच्या शब्दांच्या जागी देवाचं नाव. पण गाणं तेच. माझी आई चिखलात उभी राहून गायची ते. आषाढात मीही आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, गायले होते, आणि यजमान कडेच्या धुऱ्यावरून रोपांच्या पेंढ्या टाकत होते.

भजन संपताच यजमान आणि मृदंगवाला आमच्यापाशी आले. "आता तरी सांग," यजमान म्हणाले.

"काय सांगू? हे तं रोवणीचं गाणं आहे. तुमच्याच बांधीत गायली होती मी."

"आता काही बी सांगन ती," मृदंगवाला म्हणाला.

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पोह्यांचं माप खाली ठेवलं आणि खालच्या आवाजात ते गाणं सुरू केलं, बायकांच्याच शब्दांत. आषाढात त्या माझ्या ओळीला होत्या. दुसऱ्या कडव्याला आणखी दोघी-तिघींनी सूर धरला. गिऱ्हाइकं पोहे घ्यायची थांबली.

"इनं माहेरून आणलं हे," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "तू ऐकलं, अन् तुले वाटलं तूच बांधलं. चोरी कायची धुंडून राहिला?"

यजमान मांडवाकडे परत गेले. आमच्या मंडळानं त्या दिवशी एक जुनीच चाल गायली, आणि ती कोणाच्या लक्षात राहिली नाही. पोहे मात्र सगळे खपले. संक्रांतीच्या आधी गोंदियाहून पेटी आली, आणि तालीम पुन्हा आमच्या घरी भरू लागली. मृदंगवाला येई तेव्हा मी चहा नणंदेच्या हाती पाठवायची. विहिरीवर भावाशी एवढं काय बोलणं होतं, असं तो पुढेही कोणाकोणाला विचारत असे, हे माझ्या कानावर येई. यजमान त्या आठ-दहा दिवसांबद्दल माझ्याशी कधीच बोलले नाहीत.

पुढच्या आषाढात रोवणी लागली. आम्ही गात होतो, आणि यजमान रोपं घेऊन धुऱ्यावर आले. मी गायची थांबले. माझ्या ओळीच्या बायकाही थांबल्या.

"काऊन थांबल्या?" त्यांनी विचारलं.

"तुमी ऐकून राहिले ना," मी म्हणाले.

त्यांनी पेंढ्या तिथंच ठेवल्या आणि पलीकडच्या बांधीकडे निघून गेले. ते पुरते लांब जाईपर्यंत आम्ही नुसतीच रोपं लावत राहिलो.