शॉकच्या दांड्यावरची कडी

आमच्या गल्लीतले वस्ताद गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर बसवतात, आणि त्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. गॅरेजच्या किल्ल्या जावयाकडे सोपवायचं ठरलं होतं, पण मन मानत नव्हतं. जावयाला भारी गाड्यांचा फार सोस. म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाच्या लाल स्पोर्ट्स कारच्या शॉकवर गुपचूप एक सापळा लावला. दांड्यावर रबरी कडी चढवून ती तळाशी टेकवली. खड्ड्यात शॉक दबला की कडी वर ढकलली जाते आणि तिथेच राहते.

सकाळी कडी पार वर होती.

"जावईबापू, काल गाडी कुठं हुंदडली?"

"मामा, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग कडीला पाय फुटले असतील."

जावयाने हळूच बायकोकडे पाहिलं. वस्तादांच्या मनात पाल चुकचुकली.

"बाबा, मी नेली होती, खाणीच्या रस्त्यानं," मुलगी म्हणाली. "तुम्ही शॉक फार कडक केले होते. खड्ड्यावर चाक उडायचं, वळणावर गाडी बाहेर पळायची. मी जरा सैल केले."

"नवऱ्याला पाठीशी घालतेस."

"मग स्वतः चालवून बघा."

वस्तादांनी त्याच रस्त्याने गाडी नेली. खड्ड्यांत चाकांनी रस्ता सोडला नाही, वळणावर गाडी बाहेर पळाली नाही.

परतल्यावर त्यांनी गॅरेजच्या किल्ल्या मुलीच्या हातात ठेवल्या. मग वाकून कडी पुन्हा तळाशी सरकवली.

"आता कशाला, मामा?" जावयाने विचारलं.

"आता हिच्यावर नजर नको ठेवायला?"